नंबर तोच, कंपनी दुसरी

मिस्त्री घरात बोलत नसत. मिस्त्रीणबाईंचं हे पहिलं गाऱ्हाणं, आणि ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासूनचं. दुसरं त्याहून मोठं होतं. घरात तोंडातून ब्र न काढणारा हा माणूस लिफ्टमध्ये अडकलेल्या परक्या माणसांशी मात्र फोनवर तासन्‌तास बोलायचा. पुरुष असो, बाई असो, कॉलेजातली पोरं असोत, मिस्त्रींच्या जिभेला तेव्हा कुठून पाय फुटायचे देव जाणे. बायकोने "भाजी काय आणू?" विचारलं तर उत्तर यायचं "आण काहीतरी."

मिस्त्री जुन्या लिफ्टचे डॉक्टर होते. ज्या लिफ्टना बनवणारी कंपनीसुद्धा आता ओळख देत नाही, ज्यांची जाळीची दारं अजून हाताने ओढावी लागतात, अशा सगळ्या म्हाताऱ्या लिफ्ट त्यांच्याकडे. प्रत्येक लिफ्टमध्ये बटणांच्या वर त्यांनी पत्र्याची पट्टी ठोकली होती आणि तिच्यावर लाल रंगाने स्वतः लिहिलं होतं: "अडकलात तर घाबरू नका, फोन करा." खाली नंबर. त्यांच्या उस्तादाने त्यांना एक गोष्ट शिकवली होती, की लिफ्ट माणसाला मारत नाही, घाई मारते. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला माणूस दार ओढून फटीतून चढायला बघतो, आणि तो अर्धा आत अर्धा बाहेर असतानाच लिफ्ट हलली तर पुढचं सांगायला नको. म्हणून फोन आला की मिस्त्री त्या माणसाला आधी खाली बसवायचे आणि स्वतः जाऊन सुटका करेपर्यंत फोन ठेवायचे नाहीत. ताटावरून उठायचे, चपला घालायचे, बोलत बोलत जिना उतरायचे. मिस्त्रीणबाईंच्या कानावर एवढंच पडायचं: "बसा, आधी खाली बसा." पुढचं काय बोलतात ते जिन्यावर विरून जायचं. बाईंनी कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी "काहीतरी" हेच उत्तर आलं असतं.

तर अशा माणसाच्या फोनची कंपनी बदलायची हे मिस्त्रीणबाईंनी मनावर घेतलं. कारण साधं होतं. परगावी नोकरीला असलेला मुलगा, बाई स्वतः, शेजारीपाजारी, सगळे नव्या कंपनीत जाऊन मोकळे झाले होते आणि निम्म्या खर्चात दुप्पट बोलत होते. एकटे मिस्त्री जुन्या कंपनीला चिकटून. "चालत्या गाडीला खीळ कशाला?" हे त्यांचं म्हणणं. जुन्या कंपनीने पुन्हा एकदा दर वाढवले तेव्हा बाईंचा संयम संपला. तुमचा फोन काय सोन्याच्या तारेने जोडलाय का, असं त्यांनी इतक्यांदा विचारलं, की शेवटी मिस्त्री उठले आणि बायकोच्या मागोमाग मोबाइलच्या दुकानात गेले.

दुकानातली मुलगी चटपटीत होती. नंबर तोच राहील, कंपनी तेवढी बदलेल, ती म्हणाली. अर्ज पुढे गेला की एखाद्या रात्री जुनं कार्ड बंद पडेल, काही तास फोन मुका राहील, सकाळपर्यंत नवं कार्ड चालू. मिस्त्रींनी तिला तीनदा विचारलं, की रात्रीच ना? तिने तीनदा सांगितलं, रात्रीच.

मग जुन्या कंपनीचे फोन सुरू झाले. इतकी वर्षं ज्यांनी ढुंकून पाहिलं नाही ते आता सोयरीक जमवायला आल्यासारखे गोड बोलू लागले. साहेब, जाऊ नका, तुमच्यासाठी खास सवलत आहे. मिस्त्री पाघळायच्या बेतात होते. पण बाईंनी फोन हातातून घेतला, आम्हाला नको म्हणाल्या आणि ठेवून दिला.

मिस्त्रींचा जीव मात्र त्या मुक्या तासांत अडकला होता. त्यांनी कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या, प्रत्येकीवर "वरचा नंबर न लागल्यास" असं लिहून बायकोचा नंबर घातला आणि एकूण एक लिफ्टमध्ये पट्टीखाली चिकटवून आले. बाई हसल्या. म्हणाल्या, आता माझीही जाहिरात. पण मग त्यांना जरा धाकधूक वाटली.

"फोन आला तर मी काय बोलू त्यांच्याशी?"

"बसायला सांग. मग बोलत राहा."

"अहो, पण काय बोलू?"

"काहीही. फक्त फोन ठेवू नकोस."

बायकोशी ते इतकं सलग बोलल्याला बरेच दिवस झाले असावेत.

त्या रात्री बाई फोन उशाशी घेऊन झोपल्या, म्हणजे झोपल्याच नाहीत. काही झालं नाही. सकाळी मिस्त्रींचा फोन जुन्याच कंपनीत ठणठणीत होता. आज रात्री होईल, असं म्हणून ते ब्रेकचं सामान आणायला बाजारात गेले. बाईंनीही निःश्वास सोडला आणि मशीनवर बसल्या. त्या पडदे शिवायच्या. कुठल्याशा हॉलचे लांबलचक पडदे घेतले होते आणि त्यांचा नुसता ढीग पडला होता.

दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर.

"काका नाहीत का? त्यांचा फोन बंद लागतोय. मी लिफ्टमध्ये अडकलेय."

बाईंचा पाय मशीनवरच थांबला. रात्री होणार होतं ते भर दुपारी झालं होतं. दुकानातल्या त्या मुलीला मनातल्या मनात चार शब्द ऐकवून त्या म्हणाल्या, "खाली बस आधी. मी काकू बोलतेय. कुठली लिफ्ट?"

लिफ्ट बाजारापलीकडच्या जुन्या इमारतीतली होती. अडकलेली बाई तरुण होती, चौथ्या मजल्यावर भाड्याने राहणारी. बाल्कनीत वाळत घातलेलं बाळाचं दुपटं वाऱ्याने खाली पडलं, ते आणायला ती उतरली होती. बाळ झोपलं होतं म्हणून दार ओढून किल्ली घेऊन आली. वर जाताना लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली. मग म्हणाली, "काकू, गॅसवर दूध आहे."

मिस्त्रीणबाईंच्या पायाखालची वाळू सरकली. गॅसवर दूध म्हणजे काय हे घर चालवणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. दूध उतू जाणार, ज्योत विझणार, गॅस तसाच सुटत राहणार, आणि बंद घरात तान्हं मूल.

त्यांनी भराभर विचारलं. इमारतीत दुसरं कोणी? खालच्या मजल्यांवर कचेऱ्या होत्या आणि त्यांना आज सुट्टी. शेजारचं घर बंद. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. नवरा कारखान्यात, तिथे फोन फाटकावर जमा करावे लागतात. आच मंद ठेवली होती, पण किती वेळ झाला ते तिला धड सांगता येईना.

"काकू, दार ओढलं की वर जागा दिसते. मी चढू शकते बहुतेक."

"चढायचं नाही," बाई म्हणाल्या. तोवर त्या चपला घालून जिन्यावर आल्या होत्या. दार लावायचंही भान राहिलं नव्हतं. "दोन्ही दारं लावून घे आणि खाली बस. मिस्त्री निघालेत."

मिस्त्री निघाले नव्हते. मिस्त्री कुठे आहेत हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ब्रेकचं सामान मिळणारं दुकान वाटेवर होतं, तिथे ते सापडतील एवढ्या एका आशेवर त्या धावत सुटल्या. धावत म्हणजे काय, गुडघे जेवढं देतील तेवढं. उन्हाने रस्ता ओस पडला होता. कानाला फोन लावून, पदर खोचून जाणाऱ्या या बाईकडे सावलीला बसलेली माणसं मान वळवून बघत होती.

बोलत राहा, असं मिस्त्री म्हणाले होते. बोलायचं काय? बाईंनी तिच्या बाळाचं विचारलं. मुलगा, रांगायला लागलाय, पडद्याला धरून उभं राहायला बघतो. पडद्याचा विषय निघाला आणि ती मुलगी एकदम म्हणाली, "काकू, तुम्ही पडदे शिवता ना? काका सांगत होते. मागे एकदा मी अडकले होते तेव्हा."

"काय सांगत होते?"

"तुमच्याबद्दलच बोलत होते सगळा वेळ. तुम्ही शिवत असलात की तुमची मुलगी पडद्यामागे लपायची आणि पाय बाहेर दिसायचे. आणि लिफ्टमध्ये नेलं की सगळी बटणं दाबायची म्हणे, प्रत्येक मजल्यावर थांबावं लागायचं. मला एवढं हसू आलं होतं. कुठे असते ती आता?"

मिस्त्रीणबाईंचे पाय चालत होते, पण त्यांना रस्ता दिसेना. त्यांची थोरली, चिमी, शाळेत जायच्या वयात तापाने गेली होती. मुलगा त्यानंतरचा. चिमीचे कपडे देऊन टाकले, फोटो ट्रंकेच्या तळाशी गेला, आणि त्या दिवसापासून दोघांनी तिचं नाव घरात काढलं नाही. मिस्त्री तिला विसरले असं बाईंनी ठरवून टाकलं होतं. त्याबद्दल मनातून त्यांना कधी माफही केलं नव्हतं. आणि हा माणूस लिफ्टालिफ्टांतून तिला हसवत, लपवत, बटणं दाबायला लावत हिंडत होता. बटणं? चिमीला लिफ्टपाशी न्यायचं नाही अशी बाईंनी सक्त ताकीद दिलेली होती. तिला कधी नेलं यांनी?

"लांब असते," बाई म्हणाल्या.

दुकानात मिस्त्री नव्हते. दुकानदार म्हणाला, आत्ताच गेले, फोन बंद पडला म्हणून घाबरेघुबरे होऊन घरी पळाले. चुकामूक म्हणतात ती हीच. बाई त्यांना शोधत बाजारात, ते बायकोच्या फोनसाठी घराकडे, आणि वाटा दोघांच्या वेगळ्या. बाईंनी फोनवर हात दाबून दुकानदाराला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. माणूस भला होता. त्याने स्वतःच्या फोनवरून अग्निशमन दलाला कळवलं. ते येतो म्हणाले, पण गाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलेली. मग तो दुकानाचं शटर ओढून स्कूटरवरून मिस्त्रींना आणायला त्यांच्या घरी निघाला.

बाईंनी विचार केला. मिस्त्री घरून येणार, तोपर्यंत दूध थांबणार नाही. इमारत इथून जवळ होती. लिफ्ट आपल्याला चालवता येत नसली तरी किल्ली तर घेता येईल. त्या वळल्या, आणि घाईत त्यांनी गोदामांमागची अरुंद गल्ली धरली.

नव्या कंपनीचं एक बरं होतं, ती स्वस्त होती. एक वाईट होतं, त्या गल्लीत तिची रेंज येत नसे. बाईंना हे पक्कं माहीत होतं. कितीतरी वेळा त्यांनीच त्यावरून मुलाकडे तक्रार केली होती. पण गल्लीच्या मध्यावर आल्यावर, मुलीचा आवाज तुटला तेव्हा, ते आठवलं. "काकू, ऐकू येत..." आणि मग काहीच नाही.

फोन ठेवू नकोस, मिस्त्रींनी एवढं एकच सांगितलं होतं. मागे फिरावं की पुढे पळावं? बाई पुढे पळाल्या. गुडघ्यातली कळ डोक्यापर्यंत जात होती. हे स्वस्ताचं खूळ आपण घरात आणलं, आपणच, दुसरं कोणी नाही, हे त्यांना त्या धावण्यात लख्ख दिसत होतं. गल्लीच्या तोंडाशी येऊन त्यांनी नंबर लावला. घंटी वाजत राहिली. कोणी उचलेना. त्यांनी पुन्हा लावला.

उचलला गेला तेव्हा पलीकडे नुसता जोरजोरात श्वास चालला होता.

"कुठे आहेस तू?"

"काकू, तुमचा फोन गेला. मला वाटलं... मी दारं उघडली. एक पाय वर टाकलाय. थोडंच राहिलंय, मी निघते."

"पाय आत घे."

"माझं बाळ आहे वर."

"ऐक माझं," मिस्त्रीणबाई भर रस्त्यात थांबल्या. "मघाशी मी खोटं बोलले. माझी चिमी लांब नाही. ती गेली. एवढीशी होती, तेव्हाच गेली. पोर गेल्यावर आई कशी जगते ते मी जगून बघितलंय. आई गेल्यावर पोराचं काय होतं ते मला बघायचं नाही. पाय आत घे. मी पोचलेच, तुझी किल्ली माझ्या हातात दे, बाळाला मी काढते. मी काढते म्हटलं ना."

चिमी गेली, हे शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने उच्चारले होते आणि ते एका मुलीला, जिचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. मग जाळी सरकल्याचा आवाज आला. मग दुसरी जाळी.

"बसले," मुलगी म्हणाली, आणि रडायला लागली.

बसली म्हटल्यावर बाई पुन्हा चालू लागल्या, आणि बोलूही लागल्या. आता काय बोलू हा प्रश्न उरला नव्हता. चिमीला झोपताना कान धरायला लागायचा, स्वतःचा नाही, आईचा. दूध प्यायला नको असायचं म्हणून ती ग्लास पडद्यामागे लपवायची आणि ग्राहकाच्या पडद्याला डाग पडायचा. बोबडी नव्हती, उलट आजीबाईसारखी ठसक्यात बोलायची. इतकी वर्षं कोंडून ठेवलेलं सगळं भडाभडा बाहेर येत होतं आणि मुलगी मधूनमधून हुंकार देत होती. इमारतीचं दार आलं तेव्हा बाईंना कळलं, की आपण तिला धीर देतोय की तीच आपल्याला देतेय, हे आता सांगता येणार नाही.

जिना चढून त्या तिसऱ्या मजल्यावर आल्या आणि जाळीसमोर लादीवर सरळ आडव्याच झाल्या. खाली अंधारात मुलीचा चेहरा वर वळलेला. रडून लाल झालेला, चिमीहून किती वेगळा, आणि तरी तिचीच आठवण करून देणारा. जाळीच्या चौकटीतून किल्ल्यांचा जुडगा वर आला.

"पिवळ्या दोऱ्याची," मुलगी म्हणाली.

चौथ्या मजल्यावर दारापाशीच वास आला. दार उघडलं तसा गॅसचा भपकारा अंगावर आला. बाईंनी पदर नाकाला लावला, कुठल्याही बटणाला हात लावला नाही, सरळ स्वयंपाकघरात घुसल्या. दूध उतू जाऊन शेगडीवर करपलं होतं, ज्योत विझली होती, आणि गॅस बारीक फुस्स करत सुटत होता. त्यांनी आधी शेगडीचा कान पिळला, मग सिलिंडरचा, आणि खिडक्या ताडताड उघडल्या. मग आतली खोली. मूल गादीवर पालथं पडलेलं. हललं नाही. त्यांनी त्याला उचललं तर मान लुळी पडली. त्यांनी त्याला तसंच छातीशी धरलं, बाल्कनीत नेलं आणि पाठीवर चापट्या मारत राहिल्या.

मूल जोरात रडलं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं म्हणून वास तिथवर फारसा पोचला नव्हता. ते नुसतं गाढ झोपलं होतं आणि अशा दांडगटपणाने उठवल्याचा त्याला भयंकर राग आला होता. मिस्त्रीणबाईंचा जीव भांड्यात पडला. त्याला घेऊन त्या तिसऱ्या मजल्यावर उतरल्या आणि जाळीशी बसल्या. मुलीने खालून बोटं वर घातली. बाळाने त्यातलं एक धरलं आणि रडणं थांबवलं.

थोड्या वेळाने जिन्यावर धपाधप पावलं वाजली. मिस्त्री. त्यांनी बायकोला पाहिलं, बाळाला पाहिलं, खाली वाकून मुलीला पाहिलं.

"बसून राहा हं, उठायचं नाही," त्यांनी मुलीला सांगितलं आणि सरळ गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेले. मेन स्विच पाडून त्यांनी मोटारीचं चाक हाताने फिरवलं. लिफ्ट इंचाइंचाने वर सरकली. तिसऱ्या मजल्याला लागली, जाळ्या उघडल्या, आणि मुलगी बाहेर आली, आधी बाळाला छातीशी धरलं आणि मग मिस्त्रीणबाईंच्या गळ्यात पडली. अग्निशमनची गाडी आली तोवर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांच्यातला एकजण वर जाऊन घराची हवा तपासून आला आणि सगळं ठीक असल्याचं सांगून गेला. मुलीचा नवराही निरोप मिळून धावत आला.

मिस्त्री आणि मिस्त्रीणबाई इमारतीच्या पायऱ्यांवर येऊन बसले. मिस्त्रींच्या खिशात फोन किणकिणला. नव्या कंपनीने त्यांचं परिवारात हार्दिक स्वागत केलं होतं. मिस्त्रींनी ते वाचलं आणि फोन परत खिशात टाकला.

"उद्या जुनीत परत जाऊ या," बाई म्हणाल्या. "माझी चूक झाली. त्या गल्लीत फोन गेला तेव्हा ती पोरगी..."

"तू थांबवलंस ना तिला."

"हो." मग बाईंनी विचारलं, "चिमीला लिफ्टमध्ये कधी नेलं होतंत?"

मिस्त्री दचकले. त्या दोघांत ते नाव इतक्या वर्षांनी उमटलं होतं, आणि तेही घराबाहेर. नेहमीसारखे ते गप्प बसणार असं बाईंना वाटलं. पण मिस्त्री बोलले.

"तू शिवणाच्या क्लासला जायचीस तेव्हा. घरात राहायची नाही ती."

"मला सांगायचात झोपली होती म्हणून."

"हो."

"आणि आता साऱ्या गावाला सांगता. मला सोडून."

"तुझ्यासमोर नुसता विषय जवळ आला तरी तू पांढरी पडायचीस," मिस्त्री म्हणाले. "मग मी कोणाला सांगू? अडकलेला माणूस ऐकून घेतो. जाणार कुठे?"

बाईंना हसू आलं आणि त्याच वेळी एवढा राग आला, की वाटलं याला धरून हलवावं. चिमी आपली होती. तिच्याबद्दलचं काही आपल्याला माहीत नव्हतं आणि ते परक्यांना माहीत होतं. पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, भुकेसारखं. चिमीचं त्यांच्याकडे होतं नव्हतं ते सगळं त्यांनी उगाळून उगाळून झिजवलं होतं. नवं काही कधी मिळेल असं वाटलंच नव्हतं.

"मला सांगा," त्या म्हणाल्या. "सगळी बटणं का दाबायची ती? खोडी म्हणून?"

मिस्त्रींनी मान हलवली. खोडी नव्हे.

"लोकांना मी खोडीच सांगतो. लोक हसतात, बरं वाटतं त्यांना. पण ती तुला शोधायची. आई क्लासला गेलीय म्हटलं की तिला वाटायचं तू ह्याच इमारतीत कुठेतरी आहेस. प्रत्येक मजल्यावर मला दार उघडायला लावायची, डोकं बाहेर काढून बघायची आणि म्हणायची, आई इथे नाही, पुढचा मजला."

मिस्त्रीणबाईंनी तोंडावर पदर घेतला आणि त्या रडल्या. मिस्त्रींनी त्यांना थांबवलं नाही. ते जवळ सरकले आणि पुढचं सांगू लागले.